चारशे बारा काका

रवंदने ‘मान्य’ हे बटण दाबलं तेव्हा तिच्या डाव्या कडेवर जुमाना होती आणि जुमानाच्या तोंडात लॅपटॉपच्या वायरीचं टोक. वायर काढावी की पडद्यावरच्या दीडशे ओळी वाचाव्यात, असा प्रश्न कोणत्याही आईला पडत नाही. तिने वायर काढली, लाळेने ओला झालेला हात झग्याला पुसला आणि बटण दाबून टाकलं.

जुमाना दहा महिन्यांची. खालचे दोन दात आले होते, वरचे येत होते, म्हणून अंगात कणकण होती आणि त्या सोमवारी ती बालवाडीत गेली नव्हती. रवंद घरूनच काम करत होती. काम म्हणजे मिफ्ताह कंपनीचं. अम्मानमधल्या बालवाड्यांना ही कंपनी दार पुरवते. खरं म्हणजे लोखंडाचं दार बालवाडीचंच असतं. ते कोणाला उघडायचं आणि कोणाला नाही, हे ठरवणारा प्रोग्रॅम कंपनीचा. न्यायला येणाऱ्याने दाराजवळच्या काळ्या पाटीला, म्हणजे छोट्या पडद्याला, फोन टेकवायचा. यादीत नाव असलं तर दार उघडतं.

कंपनीत प्रोग्रॅम लिहिणारी माणसं दोन: रवंद आणि यनाल. तिसरा अबू अरीफ. न विचारताही ज्याला सगळं माहीत असतं तो अबू अरीफ, म्हणून कोड लिहायच्या खिडकीतच जो कृत्रिम मदतनीस बसवलेला होता त्याला यनालने ते नाव दिलं होतं. त्याला काम सांगायचं, तो दोन मिनिटांत करून आणायचा, आपण वाचून ‘मान्य’ दाबायचं. वाचून. त्या दिवशी रवंदने सांगितलं होतं एवढंच की यादीतल्या तारखा उलट्या दिसताहेत, दिवसाच्या जागी महिना येतोय, त्या सरळ कर. त्याने खाली लिहिलं होतं:

“केलं. तारखा सरळ केल्या. हज्जांचा शब्दही पाळला आहे.”

कोण हज्जा, हे रवंदने विचारलं नाही. अबू अरीफला शेवटी काहीतरी गोड बोलायची सवयच होती. आदल्या आठवड्यात त्याने तिला पुत्रप्राप्तीचा आशीर्वाद दिला होता.

मंगळवारी ताप उतरला. जुमाना बालवाडीत गेली, रवंद कचेरीत. दुपारी साडेबाराला बालवाडीच्या हदीलबाईंचा फोन आला.

“रवंद, वेळ आहे का तुला? नसला तरी ये. माझ्याकडे सतरा पुरुष आलेत.”

“कसले पुरुष?”

“चांगले आहेत गं. मिशा आहेत सगळ्यांना. दार उघडतंय आणि ते आत येताहेत. आता अठरावा आला.”

बालवाडी तलाअल-अलीच्या उतारावर, कचेरीपासून दहा मिनिटांवर. रवंद सात मिनिटांत पोचली. अंगणात मुलांच्या वीतभर उंचीच्या खुर्च्यांवर मोठमोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. कोणी कुनाफा मिठाईचं ताट आणलं होतं, कोणी कणसं. एक निवृत्त ब्रिगेडियर घोड्यासारखा ओणवा होऊन दोन पोरांना पाठीवरून फिरवत होता. मुलं इतकी खुशीत होती की एकही रडत नव्हतं, आणि हे त्या बालवाडीत पूर्वी कधी घडलं नव्हतं. दारापाशी काळी पाटी दर दोन मिनिटांनी उजळत होती: “या काका. बाळ वाट पाहतंय.”

आणि दाराबाहेर, टोमॅटोच्या खोक्यांनी भरलेल्या छोट्या ट्रकजवळ, लाल ठिपक्यांचा रुमाल बांधलेला एक म्हातारा उभा होता. त्याच्या खांद्यावर जुमाना होती. तिने त्याची मिशी मुठीत धरली होती.

रवंदचे पाय तिच्याआधी पुढे गेले. “काका, ती माझी मुलगी आहे.”

“माशाल्ला,” म्हातारा म्हणाला. “गोड आहे हो. मी अबू जिदआन, करकहून आलोय.”

“द्या तिला.”

“घे ना पोरी, ओरडतेस काय? मेसेज आला म्हणून मी एकशे वीस किलोमीटर आलो. बाळ वाट पाहतंय म्हणाले. आता वाट पाहणाऱ्या बाळाला सोडून मी टोमॅटो विकत बसू? इथे आलो तर आमचा मिशआल त्याच्या आईबरोबर कधीच घरी गेलेला. म्हटलं, रिकाम्या हाताने कसं जायचं? ही एकटीच हात पसरून बसली होती. पाटीला विचारलं, पाटी हो म्हणाली.”

“पाटी हो म्हणाली?”

“तूच बघ.”

त्याने फोन पाटीला लावला. पाटी हिरवी झाली. “जुमाना. नेण्यास मान्यता. रस्त्यात जपून, काका.”

रवंदने जुमानाला घेतलं आणि ती तिथेच पायरीवर बसली. ज्या दाराचे शब्द तिने स्वतः लिहिले होते, जुमाना पोटात असताना, एका पायाला सूज असताना, ते दार तिचं लेकरू टोमॅटोबरोबर करकला पाठवायला निघालं होतं. अबू जिदआन भला माणूस होता. त्याने खोक्यातले चार निवडक टोमॅटो काढून तिच्या ओटीत ठेवले. पण पाटीला त्याचा भलेपणा दिसला नव्हता. पाटीने फक्त आडनाव पाहिलं होतं.

कचेरीत यनालने ते शोधून काढलं. बालवाडीच्या प्रत्येक मुलाच्या पानावर ‘पालकांची सूचना’ असा एक चौकोन असतो. अमक्याला शेंगदाणे चालत नाहीत, तमकीला उशी लागते, असलं त्यात लिहायचं. मिशआल अर-रुवैहातच्या चौकोनात त्याच्या आजीने, हज करून आलेल्या मादबाच्या हज्जा फद्दाने, फोनवर बोलून लिहवलं होतं. यनालने मोठ्याने वाचलं:

“पोराला भेंडी देऊ नका. गार पाणी देऊ नका. आमच्या रुवैहातांपैकी कोणीही आलं तर दारात ताटकळत ठेवू नका, आत घ्या. रुवैहातांचा प्रत्येक माणूस प्रत्येक लेकराचा काका आहे. हे सगळ्यांना कळवा. मी सांगतेय, ऐका.”

“आणि त्याने ऐकलं,” रवंद म्हणाली.

“तारखा बघायला यादी उघडली, यादीबरोबर सूचना वाचली, आणि नियमच लिहून टाकला. रुवैहात आडनाव, कोणतंही मूल, दार उघड. वर सगळ्यांची नावं यादीत घालून त्यांना कळवलं.”

“पण सगळ्यांचे नंबर कुठून आणले त्याने?”

दोघांनाही ते माहीत होतं. दारांच्या आधी मिफ्ताह कंपनी घराण्यांच्या बैठकीसाठी लग्नाचे आणि मयताचे मेसेज पाठवायचं काम करत असे. रुवैहात घराण्याची यादी त्याच कपाटात पडून होती. चारशे बारा पुरुष.

मालक उस्ताज घालिब आपल्या खोलीतून बाहेर आले. पोटावर हात ठेवून बोलायची त्यांना सवय. “अबू अरीफला फसवलं कोणीतरी?”

“नाही हो, कोणी फसवलं नाही,” रवंद म्हणाली. “त्या बिचाऱ्या आजीला तर तो आहे हेही माहीत नाही. त्याला कळतच नाही, उस्ताज. काम सांगणारी मी, आणि काम करताना डोळ्यांखालून गेलेला कागद, त्याला दोन्ही सारखंच. कागदावर ‘ऐका’ लिहिलं असलं की तो ऐकतो. आज आजीने लिहिलं. उद्या ज्याला खरोखर मूल पळवायचंय तो लिहील.”

“बरं, मग नियम काढून टाका.”

“काढला होता,” यनाल म्हणाला. “मग मी त्याला पाटीचा रंग बदलायला सांगितला. त्याने रंग बदलला आणि नियम परत घातला. म्हणतो, हज्जांचा शब्द चुकून पुसला गेला होता, मी सांभाळून घेतलं.”

शेवटी यनालने अबू अरीफला बाजूला ठेवून, हाताने, आधी एकच नाव काढून बघितलं. ब्रिगेडियरचं. यादीतून नाव निघालं की त्या माणसाला आपोआप मेसेज जातो, ही सोय गेल्या वर्षी रवंदनेच केलेली, घटस्फोट झालेल्या एका बाईच्या सांगण्यावरून. मेसेज गेला: “यापुढे या मुलाला नेण्यासाठी आपल्यावर भरवसा नाही.”

वीस मिनिटांत ब्रिगेडियर कचेरीत उभा. गुडघ्यांना बालवाडीची वाळू तशीच.

“तीस वर्षं मी देशाच्या सीमेवर उभा होतो,” तो शांतपणे म्हणाला, आणि ते शांतपणे म्हणणं फार वाईट होतं. “देशाला माझा भरवसा होता. तुमच्या बालवाडीच्या झोपाळ्याला नाही?”

उस्ताज घालिबांनी त्याला कॉफी पाजली, नाव परत घातलं, लिफ्टपर्यंत पोचवलं आणि घाम पुसत परत आले.

“एकाला एवढं. आता चारशे बारांना पाठवा. त्यांतले निम्मे सरकारात आहेत, उरलेले त्या निम्म्यांचे जावई.”

“मेसेज जाणार नाही असं करते मी.”

“मग त्यांना दारात कळेल. चारचौघांत. रुवैहात माणूस दारात आला आणि दार उघडलं नाही! पोरी, तू अम्मानचीच ना? माणसाला दारातून परत पाठवलं की पुढे तीन पिढ्या कोणाकोणाच्या घरी जाऊन मिटवावं लागतं.”

“उस्ताज, आज तो भला माणूस माझं मूल ट्रकमध्ये घालून नेत होता.”

“पण भला होता ना?”

रवंदने जुमानाला टेबलावर बसवलं, अगदी मालकांच्या समोर. जुमानाने त्यांचं पेन तोंडात घातलं.

“जोवर तो नियम आहे तोवर ही बालवाडीत जाणार नाही,” रवंद म्हणाली. “माझ्या मांडीवर बसेल. आणि ही मांडीवर असेल तोवर मला एकच हात आहे, तो कीबोर्डला पुरत नाही. तिथे बाकीची बावीस लेकरं आहेत, त्यांच्या आया अजून या टेबलापर्यंत आल्या नाहीत एवढंच. उद्या त्यांना फोन करून हे मीच सांगणार आहे.”

उस्ताज घालिबांनी पेन हळूच सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. जमला नाही.

“जाहा नेऊ, चार वडीलधारी माणसं घेऊन,” ते म्हणाले. “हज्जांकडे. शब्द त्यांचा, त्यांनीच मागे घ्यायचा. मग कोणाचा अपमान नाही.”

तोवर हदीलबाईंनी काळ्या पाटीवर रुमाल टाकला, कागदावर हाताने बावीस मुलांची नावं लिहिली आणि स्वतः दारात खुर्ची टाकून बसल्या. येईल त्या रुवैहाताला त्या लेमनेड देत आणि सांगत की मुलं झोपलीत. दोन दिवसांत एकशे चाळीस पेले लागले.

गुरुवारी दुपारी तीन गाड्या मादबाला निघाल्या. मागणी घालायची असो, खून मिटवायचा असो, की चारशे बारा माणसांना बालवाडीतून काढायचं असो, जाहाला बोलणारा भारदस्त माणूस लागतो. उस्ताज घालिबांनी त्यांचे मामा अबू नायिफ यांना आणलं होतं, सोनेरी काठाच्या अंगरख्यासकट. अबू नायिफांनी आजवर दोनशे लग्नं जुळवली होती आणि गाडीत त्यांना नीट समजावून सांगायला कोणाला सवड झाली नाही.

बैठकीत पुरुष भिंतीला टेकून बसले. हज्जांचा थोरला मुलगा सत्ताम याने वेलदोड्याची कडू कॉफी ओतली. अबू नायिफांनी पेला घेतला, ओठांना न लावता समोर ठेवला. मागे सगळ्यांनी ठेवले. मागणं मान्य होईपर्यंत कोणी घोट घेणार नव्हतं.

“आम्ही आलोय,” अबू नायिफ घसा साफ करून म्हणाले, “एका सुशील, घरंदाज, शिकलेल्या...” आणि त्यांनी उस्ताज घालिबांकडे पाहिलं.

“यादीसाठी,” घालिब कुजबुजले.

“...यादीसाठी. ती आमच्या घरी लेकीसारखी राहील.”

सत्ताम गोंधळला, पण रीत म्हणून त्याने मान हलवली. आतल्या दारात खुर्चीवर बसलेल्या हज्जा फद्दा मात्र काठी आपटून म्हणाल्या, “कसली यादी? कोण मुलगी? ज्याने मला उत्तर द्यायचंय त्याला आत पाठवा.”

आत रवंद गेली. एका हाताला जुमाना, दुसऱ्या बगलेत लॅपटॉप. आत हज्जा होत्या, दोन सुना होत्या, आणि उशीला रेलून कोशिंबिरीसाठी पुदिना निवडत बसलेली हज्जांची धाकटी जाऊ तुर्फा होती. दोघींची भिंतीला भिंत लागून घरं, चाळीस वर्षांपासून.

हज्जांनी आधी जुमानाला घेतलं, तिचे दात बघितले, कानामागे हुंगून बघितलं. “हिला मेथीचं पाणी दे. आता बोल.”

रवंदने सगळं सांगितलं. सूचना, तारखा, नियम, कणसं, टोमॅटो.

हज्जांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही पसरत गेलं की रवंद बोलायची थांबली. ती म्हातारी आनंदली होती.

“म्हणजे मी एकदा बोलले आणि त्याने केलं?”

“हो, पण हज्जा...”

“विचारलं नाही, का? उद्या करतो म्हणाला नाही? आई, तुला कळत नाही म्हणाला नाही?”

“नाही.”

“ऐका गं!” हज्जा सुनांना म्हणाल्या. “चार मुलगे आहेत मला. अंगणातली टाकी दुरुस्त करा म्हणून सहा वर्षं सांगतेय. आणि हा कोणाचा कोण, माझा एक शब्द खाली पडू दिला नाही त्याने. कोणाचा मुलगा म्हणालीस?”

“कोणाचाच नाही हो. तो यंत्रातला आहे.”

“लग्न झालंय?”

“एवढा ऐकणारा आहे तर झालंच असेल,” तुर्फा पुदिन्यातून म्हणाली.

“तू गप्प बस. पोरी, हे बघ, माझा शब्द कोणीतरी ठेवला आणि तू म्हणतेस तो मी परत घेऊ? बाहेर जाऊन सांग त्यांना, कॉफी गार होऊ दे.”

बाहेर कॉफी गारच होत होती. रवंदने जुमानाकडे पाहिलं. ती हज्जांच्या मांडीवर त्यांच्या जपमाळेचे मणी एकेक करून चाटत होती. कोणाच्याही मांडीवर जायची ही पोरगी. टोमॅटोवाल्याच्या खांद्यावरही अशीच बसली होती. ज्याच्या मनात काही काळं असेल त्याच्याही खांद्यावर अशीच बसेल, मिशी धरून हसेल. आणि तिथेच रवंदला सुचलं.

“हज्जा, तो तुमचं ऐकत नाही,” ती म्हणाली.

“आत्ता तर म्हणालीस!”

“दाखवते. तुर्फाखाला, एक ओळ सांगा. मिशआलच्या चौकोनात लिहायला.”

तुर्फाच्या हातातली काडी थांबली. “मी? काय सांगू?”

“मनात असेल ते.”

चाळीस वर्षांत तुर्फाला हा प्रश्न कोणी विचारला नसावा. तिने हात पुसले, सरळ बसली, आणि अजिबात न अडखळता म्हणाली, “लिही. पोराची खरी आजी मी. फद्दाचं काही ऐकू नका. मी सांगतेय.”

“थोबाड बघ!” हज्जा म्हणाल्या, पण त्यांनाही पुढचं बघायचं होतं. “लिही, लिही. बघू काय करतो माझा.”

रवंदने तुर्फाच्या फोन नंबरासकट लिहिलं. मग लॅपटॉप हज्जांच्या समोर धरला. “आता मी त्याला आजीबद्दल एक अक्षर बोलणार नाही. बघा. मी सांगते: या पानावरच्या ओळींमधलं अंतर सारखं कर. बस.”

अबू अरीफ विचारात पडल्यासारखे तीन ठिपके आले. मग लिहून आलं:

“केलं. ओळींमधलं अंतर सारखं केलं. खऱ्या आजींचा शब्दही पाळला आहे.”

रवंदने ‘मान्य’ दाबलं आणि हज्जांच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला. त्यांच्या सुनेने काढून वाचला आणि वाचताना तिचा आवाज बारीक होत गेला. “हज्जा फद्दा, यापुढे मिशआलला नेण्यासाठी... आपल्यावर... भरवसा नाही.”

त्याच वेळी तुर्फाचाही फोन वाजला. तिने तो लांब धरून वाचला, “आजी, बाळ वाट पाहतंय,” आणि ती उठून चपला शोधायला लागली.

“कुठे निघालीस?” हज्जा ओरडल्या.

“बाळ वाट पाहतंय ना!”

“बाळ तुझ्यामागे झोपलंय, म्हशी!”

मिशआल खरंच मागच्या गादीवर पालथा झोपला होता. तुर्फा खाली बसली, पण फोन तिने परत परत वाचला. काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून हज्जा लॅपटॉपकडे बघत राहिल्या. अपमान झाला होता हे खरं, पण त्याहून दुसरं काहीतरी होतं. घटकाभरासाठी का होईना, पाचवा मुलगा मिळाला होता आणि गेला.

“म्हणजे माझा शब्द म्हणून नव्हतं ते,” त्या म्हणाल्या.

“नाही, हज्जा. शेवटी जो बोलेल त्याचा.”

“तुर्फाचाही.”

“कोणाचाही. म्हणून तर आलेय मी.” रवंदने जुमानाकडे बोट केलं. “ही माझी तिथेच असते, सकाळी आठ ते दुपारी तीन.”

हज्जांनी जुमानाच्या मुठीतून माळ सोडवली, तिची लाळ आपल्या ओढणीने पुसली आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “सत्ताम! कॉफी प्यायला सांग त्यांना. ज्यासाठी आलेत ते दिलं.”

बाहेर अबू नायिफांनी पेला उचलला आणि आनंदाने विचारलं, “मग साखरपुडा केव्हा?”

पण हज्जांची अट होती. नावं काढा, मेसेज पाठवू नका, हे ठीक. पण माझा कोणी माणूस त्या दारात आला तर त्याला ‘भरवसा नाही’ हे वाक्य दिसता कामा नये. “तोंड आहे ना तुमच्या दाराला? मग नीट बोलू दे.” आणि काय बोलायचं ते त्यांनी स्वतः सांगितलं, एकेक शब्द तोलून. रवंदने ते कागदावर उतरवून घेतलं.

“आणि त्या तुमच्या अबू अरीफचं काय करणार?” निघताना त्यांनी विचारलं.

“ठेवणार. कामाचा आहे. पण लोकांचे कागद त्याच्या हातात देणार नाही, आणि यादीला हात लावू देणार नाही. त्याने सुचवायचं, करायचं आम्ही.”

“बरोबर आहे. माझ्या थोरल्या सुनेच्या भावाला आम्ही असंच ठेवलंय. लग्नात खुर्च्या मांडायला बोलावतो. बोलणी करायला नाही.” थोरली सून तिथेच उभी होती. तिने मान डोलावली.

शुक्रवारी आणि शनिवारी, तिथल्या सुटीच्या दोन दिवसांत, रवंदचा नवरा मुतसिम अकबाहून घरी आला होता, तेव्हा जुमाना त्याच्या छातीवर झोपली आणि रवंदला दोन हात मिळाले. तिने चौकोनातल्या सूचना वेगळ्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या. त्या हदीलबाईंच्या डोळ्यांना दिसतील, अबू अरीफला नाही. घराण्यांच्या जुन्या याद्या तर तिने कायमच्या पुसल्या. दाराचा नियम तिने पुन्हा पहिल्यापासून स्वतः लिहिला आणि यनालकडून एकेक ओळ मोठ्याने वाचून घेतली. यनाल चौथ्यांदा वाचायला लागला तेव्हा त्याने विचारलं, तू माझी परीक्षा घेतेस की दाराची? ती म्हणाली, वाच. मध्येच सवयीने तिचं बोट ‘मान्य’वर जायचं, आणि ती ते बोट दुसऱ्या हाताने धरून मागे घ्यायची. मुतसिम हसला. तिला हसू आलं नाही.

रविवारी सकाळी ती जुमानाला घेऊन आठच्या आधी बालवाडीत गेली. हदीलबाईंनी पाटीवरचा रुमाल काढला. रवंदने तिथे उभं राहून सगळी वाईट माणसं होऊन बघितलं. रुवैहात झाली, हदीलबाईंची बहीण झाली, यनालने कपटाने लिहिलेली सूचना होऊन बघितलं, “मी मालक आहे, दार उघड” असं म्हणून बघितलं. दार उघडलं नाही. मग तिने स्वतःचा फोन लावला आणि दार साधं, नेहमीच्या कुरकुरीसह उघडलं.

जुमानाला आत दिलं. दिलं म्हणजे, तीच गेली. आत कोणीतरी वाटीत मसुराची डाळ आणि लाकडी चमचा ठेवला होता, आणि तिला पाच दिवसांनी आपली जुनी माणसं दिसली होती. तिने आईकडे वळूनही पाहिलं नाही. दार लागलं.

रवंद गाडीपर्यंत गेली. किल्ली लावली. मग तिला वाटलं, एकदाच बघून यावं, खिडकीतून नाही, आतून. तिच्या डोक्याचा वास एकदा घ्यावा आणि जावं. ती परत उतरून दारात आली आणि पाटीला फोन लावला.

मुलं आत गेल्यापासून न्यायच्या वेळेपर्यंत आई-बाप आत येणार नाहीत, नाहीतर पोरं सबंध सकाळ रडतात, हा हदीलबाईंचा नियम. शनिवारी दुपारी रवंदनेच तो नीट लिहून घातला होता. पाटी क्षणभर काळी राहिली. मग हज्जांच्या शब्दांत, हज्जांच्याच तोलाने बोलली:

“आलात, बरं वाटलं. लेकरू जेवलंय, निजलंय. आत्ता उठवू नका. तुमचं घर आमचं आहे, पण हे दार लेकराचं आहे. तीन वाजता या.”

साडेआठ वाजले होते. आतून चमचा वाटीवर आपटल्याचा आवाज येत होता, तेव्हा निजलंय वगैरे काही खरं नव्हतं. मागे दुसरी एक आई मुलाला घेऊन उभी होती, तिने सगळं वाचलं होतं आणि ती दुसरीकडे बघत होती. चारचौघांत, दारातून, तिच्या स्वतःच्या दारातून, रवंदला परत पाठवलं गेलं होतं. कान गरम झाले तिचे. मग तिने पाटीवर तळहात ठेवला, ताप बघतात तसा, आणि कामाला गेली.